तंबोऱ्याची फिल्म आणि रविवारी सातचा बॅकअप

मागणी साधी होती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिरांवर नानांनी जानेवारी २०१३ मध्ये २२ मिनिटांची फिल्म केली होती. ते कारागीर २०२१ मध्ये गेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, घरी माहिती विचारायला माणसं येऊ लागली, आणि नातवाला आठवलं की आजोबा कॅमेऱ्यासमोर चांगले दोन दिवस बोलत होते. फिल्ममध्ये ते जेमतेम ४ मिनिटं दिसतात. बाकीचं कुठे आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं.

त्यानं नानांना विचारलं, नानांनी मला फोन केला.

"आगं, डीव्हीडी हाय की माझ्याकडं. ती दे त्याला कॉपी करून."

"त्याला फिल्म नकोय नाना, सगळं बोलणं हवंय."

"मग ते काय ऱ्हायलंय आता! पुरात गेलं की."

नानांकडे मी २०१४ मध्ये एडिटिंग शिकायला होते. आता सांगलीत विश्रामबागला माझं स्वतःचं एडिटिंगचं टेबल आहे, पण नानांचं काम आलं की मी अजून शिकाऊच असते. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात चुका बऱ्याच झाल्या आणि त्यातली सगळ्यात महाग पडलेली चूक माझी निघाली.

हातात काय होतं

फिल्मची डीव्हीडी होती. नानांच्या घरी माळ्यावर, न नेलेल्या लग्नाच्या आल्बमांच्या पिशवीत, १ टीबीची एक बाहेरची हार्ड डिस्क होती. त्यावर मार्करनं लिहिलेलं होतं, 'बॅकप, हात लावू नये'.

कॉम्प्युटर नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. नानांचं शूटिंग-एडिटिंगचं दुकान मारुती चौकात. मारुती चौकात पाणी येतं हे सांगलीत कुणाला सांगावं लागत नाही, पण त्या वर्षी ते किती चढेल याचा अंदाज कुणालाच नव्हता. पाणी उतरल्यावर नानांनी कॉम्प्युटरमधल्या दोन्ही हार्ड डिस्क काढल्या, धुतल्या आणि गच्चीवर कुरडया वाळत घालाव्यात तशा उन्हात ठेवल्या. चार दिवसांनी जोडून पाहिल्या. एक चालूच झाली नाही, दुसरी टकटक करत बंद पडली.

साध्या हार्ड डिस्कच्या खोक्याला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं. पुराचं पाणी तिथून आत जातं, आणि पुराचं पाणी म्हणजे गाळ. पाणी वाळतं, गाळ तबकड्यांवर राहतो. मग डिस्क फिरवली की वाचणारं डोकं त्या गाळावरून घासत जातं. भिजलेली डिस्क वाळवू नये, वीज लावू नये, ओलसर आहे तशीच बंद पिशवीत घालून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी. हे २०१९ मध्ये नानांना सांगायला मी तिथे नव्हते. माझ्या घरातलंच सामान वर चढवण्यात आम्ही होतो. असो.

म्हणजे उरली ती माळ्यावरची डिस्क. नानांनी ती कधी हातानं भरली नव्हती. दुकानात विंडोज ७ होतं, त्यातला आपोआप चालणारा बॅकअप कुणीतरी सुरू करून दिला होता आणि वेळ मुळात असते तीच ठेवली होती, दर रविवारी संध्याकाळी ७. डिस्क भरेपर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत, तो बिचारा दर रविवारी चालत राहिला.

आता त्यातली मेख. 'काय घ्यायचं ते विंडोजला ठरवू द्या' हा पर्याय ठेवला असेल, तर विंडोज ७ डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वगैरे ठरलेले फोल्डर घेतं आणि सोबत सिस्टीम ज्या ड्राइव्हवर आहे त्याची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करून ठेवतं. डी ड्राइव्हवर तुम्ही स्वतः केलेल्या फोल्डरकडे ते ढुंकूनही बघत नाही. आणि एडिटिंगवाल्या माणसाचं शूटिंग कुठे असतं? डीवर. सी ड्राइव्हवर प्रोजेक्ट फाइल, डीवर शूटिंग, ही आपल्याकडच्या निम्म्या स्टुडिओंची मांडणी असेल.

त्यामुळे डिस्क जोडायच्या आधीच मला माहीत होतं की फिल्मची कृती मिळेल, शिधा मिळणार नाही. अडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्राचा एक कणही नसतो. कुठली क्लिप कुठून घ्यायची, किती सेकंदांपासून किती सेकंदांपर्यंत, तिच्यावर काय करायचं, एवढीच नोंद.

आधी प्रत

इतकी वर्षं माळ्यावर पडलेली डिस्क जोडून लगेच फोल्डर उघडत बसायचं नाही. मी तिची डीडीरेस्क्यूनं पूर्ण प्रत काढली. हे साधन पहिल्या फेरीत सहज वाचता येईल तेवढं उचलतं, अडलेल्या जागा एका नोंदफाइलीत लिहून ठेवतं आणि त्यांच्याकडे शेवटी परत येतं. नुसतं कॉपी-पेस्ट केलं असतं तर पहिल्याच खराब जागेवर डिस्क धापा टाकत बसली असती. जुनं यूएसबी २ असल्यानं सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळाला; १ टीबीला ९ तासांवर लागले. रात्री लावून झोपले, सकाळी थोडेसेच सेक्टर, म्हणजे डिस्कचे बारीक कप्पे, वाचायचे राहिले होते. मूळ डिस्क पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि पुढचं सगळं प्रतीवर केलं.

विंडोजचा बॅकअप परत घ्यायचा जो अधिकृत रस्ता आहे, त्याच्या वाटेला मी गेले नाही. तो मूळ कॉम्प्युटर, मूळ वापरकर्ता असल्या गोष्टींवर अडतो. त्याची गरजही नसते, कारण आत साध्या झिप फाइली असतात. बॅकअप संचाचं एक फोल्डर, त्यात प्रत्येक रविवारचं तारखेचं फोल्डर, त्यात क्रमांकाच्या झिप.

पण एक लक्षात ठेवायचं. संचातल्या पहिल्या रविवारी सगळं घेतलं जातं, पुढच्या रविवारी फक्त बदललेलं. जी फाइल फेब्रुवारीत शेवटची बदलली ती जूनच्या फोल्डरमध्ये दिसणारच नाही. लोक सगळ्यात ताजं फोल्डर उघडतात, त्यात काही नाही म्हणतात आणि डिस्क फॉरमॅट करून मोकळे होतात. सगळ्या झिपांची यादी एकदम काढायची आणि त्या यादीत शोधायचं. मी सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या साधनानं यादी काढली, प्रीमियरच्या प्रोजेक्ट फाइली गाळल्या. 'तंबोरा' नावाच्या तीन निघाल्या: एक २०१४ ची, दोन २०१३ च्या.

तारीख नवी, फाइल चुकीची

अर्थातच आधी नवी उघडली. टाइमलाइनवर ६ मिनिटांची फिल्म होती आणि त्या फिल्मचे कट माझे होते.

मग आठवलं. २०१४ मध्ये एका कार्यक्रमासाठी या फिल्मची छोटी आवृत्ती हवी होती आणि नानांनी ती मला करायला दिली होती. मी मूळ प्रोजेक्ट उघडला, नको असलेल्या सिक्वेन्स (क्लिपा लावून ठेवलेल्या टाइमलाइनी) पसारा वाटला म्हणून काढून टाकल्या, फिल्म कापली आणि सेव्ह केलं. वेगळ्या नावानं सेव्ह करायचं असतं हे तेव्हा मला ठाऊक होतं की नाही, आठवत नाही. काढून टाकलेल्यांत एक सिक्वेन्स होती 'मुलाखत सलग'. नानांनी दोन्ही दिवसांचं सगळं बोलणं क्रमानं लावून ठेवलेलं. नातवाला नेमकं तेच हवं होतं.

प्रीमियर स्वतःहून प्रती ठेवतं ते ऑटोसेव्हही तिथे उपयोगाचं नव्हतं. ते ठरावीक संख्येच्याच प्रती ठेवतं. माझ्या सहा मिनिटांच्या कामानं जुन्या प्रती पुढे ढकलत ढकलत पुसून टाकल्या होत्या.

म्हणून २०१३ चा संच. त्यातली मुख्य प्रोजेक्ट फाइल ज्या झिपमध्ये होती, तिथेच न वाचलेल्या सेक्टरांपैकी काही पडले होते. फाइल बाहेर काढताना चूक दाखवली. पण झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते, एक बिघडली म्हणून शेजारची बिघडत नाही. यादीतली २०१३ ची दुसरी फाइल म्हणजे त्याच संध्याकाळची ऑटोसेव्ह प्रत, पुढच्या झिपमध्ये, धडधाकट. तिच्यात 'मुलाखत सलग' होती. श्रेयनामावली तेवढी अर्धी होती.

आजच्या प्रीमियरनं ती सीएस६ या जुन्या आवृत्तीतली फाइल रूपांतर करून नव्या नावानं उघडली. उलटं होत नाही, नव्यात सेव्ह केलेलं जुनं प्रीमियर उघडत नाही, म्हणून मूळ फाइलची वेगळी प्रत ठेवायचीच. टाइमलाइन जशीच्या तशी आली आणि पडद्यावर ती ओळखीची लाल पाटी, कितीतरी भाषांत 'मीडिया ऑफलाइन', म्हणजे मूळ क्लिप सापडत नाही.

एफ म्हणजे कोण?

अशा वेळी प्रीमियर 'फाइल कुठे आहे' विचारत राहतं आणि आपण रद्द करत राहतो. त्याऐवजी मी प्रोजेक्ट फाइलच फोडली. ती असते एक्सएमएल, जीझिपनं दाबलेली. सेव्हन-झिपनं उघडली की साधा मजकूर मिळतो, नोटपॅडात वाचता येतो. प्रत्येक क्लिपचा पूर्ण पत्ता त्यात लिहिलेला असतो.

कॅमेऱ्याच्या चार मेमरी कार्डांच्या क्लिपा होत्या. कार्ड १ आणि २, म्हणजे पहिला दिवस, पत्ता डी ड्राइव्ह. कार्ड ३ आणि ४, म्हणजे दुसरा दिवस, पत्ता एफ ड्राइव्ह.

दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये एफ नव्हताच. सी, डी आणि डीव्हीडीचा ई. एफ म्हणजे बाहेरून जोडलेलं काहीतरी. हे पुरात गेलेलं नाही, निदान तिथे तरी नाही. मी नानांना फोन लावला.

"नाना, दुसऱ्या दिवशीचं शूटिंग कुठल्या डिस्कवर घेतलं होतं?"

"डीवरच की."

"डीवर नाही. एफवर आहे."

"एफ?" बराच वेळ गप्प. मग, "डी भरली होती गं तवा. लग्नाचा सीझन. पवन्याची डिस्क मागून आणली असणार."

पवन्या म्हणजे नानांचा भाचा, तेव्हा वालचंदला इंजिनिअरिंगला होता, आता पुण्यात नोकरी करतो. डिस्क त्याच्याकडे अजून होती. त्यावर सिनेमे, कॉलेजचे फोटो आणि एक फोल्डर, नाव 'मामा'. अकरा वर्षांत त्यानं ते उघडलंही नव्हतं, पुसलंही नव्हतं. पुसलं का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाला, "मामाचं आहे म्हणून."

नानांना स्वतःला आठवलं नसतं. डीव्हीडी बघून कुणालाच कळलं नसतं. मृत प्रोजेक्ट फाइलीतल्या एका अक्षरानं हे सांगितलं, म्हणून शूटिंग गेलंय हे माहीत असूनही मी प्रोजेक्ट फाइल आधी शोधते.

एकाच नावाच्या फाइली

पवनच्या डिस्कवर कार्ड ३ आणि ४ होती. मी खूश होऊन पहिली क्लिप जोडली, प्रीमियरनं बाकीच्या आपोआप जोडल्या आणि टाइमलाइन हिरवीगार झाली. चालवून पाहिलं तर आवाज भोपळ्याबद्दल सांगतोय, पंढरपूरकडचा भोपळा कसा लागतो, जाड सालीचा, आतून कसा वाळलेला, आणि चित्रात गल्लीतून एक म्हैस चाललीय.

एव्हीसीएचडी पद्धतीनं चित्रण करणारे कॅमेरे प्रत्येक कार्डावर क्रमांक नव्यानं सुरू करू शकतात. कार्ड ३ वर पाच आकडी शून्य-शून्य-शून्य-शून्य-तीन, कार्ड ४ वरही तीच. नाव एक, चित्र वेगळं. आपोआप जोडण्यानं नाव जुळलं की काम झालं. हा दोष नवशिक्याला दिसतही नाही, कारण लाल पाटी गेलेली असते. मग मी आपोआप जोडणी बंद केली, एक्सएमएलमधल्या पत्त्याप्रमाणे एकेक क्लिप हातानं जोडली आणि प्रत्येकीची लांबी ताडून पाहिली. दुपार गेली.

दुसरं दुखणं लांब क्लिपांचं. सलग मुलाखत चालू असताना कॅमेरा दर २ जीबीला फाइल तोडतो. २४ मेगाबिटच्या चित्रणाला ते ११ मिनिटांच्या आसपास येतं. कार्डाची सगळी फोल्डररचना जशीच्या तशी ठेवली तर प्रीमियर ते तुकडे एकच क्लिप म्हणून घेतं. नानांनी नेहमीप्रमाणे आतल्या 'स्ट्रीम' फोल्डरमधल्या फाइली तेवढ्या उचलल्या होत्या. त्यामुळे दर सांध्यावर आवाज क्षणभर अडखळत होता, आणि नेमका एका शब्दाच्या मध्ये. हे तुकडे साध्या बायनरी कॉपीनं एकामागोमाग चिकटवले की सांधा नाहीसा होतो. नातवाला द्यायची सलग मुलाखत मी अशा चिकटवलेल्या फाइलींवरून केली. दुसऱ्या दिवसाची ५२ मिनिटं, चित्रासह, पूर्ण.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी काय होतं, हे नानांना विचारलं. "जवारी," ते म्हणाले. "म्हातारबुवांनी पयल्या दिवशी जवारी काढून दाखवली."

तंबोऱ्याची तार घोडीवरून, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरून, जाते, आणि घोडीचा माथा सपाट वाटला तरी त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर चाटत राहते, म्हणून तंबोरा नुसता वाजत नाही, गुंजतो. जवारी काढायची म्हणजे हा उतार कानशीनं काढायचा, मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. मिरजेचा तंबोरा ज्या कारणासाठी गवई मागतात त्यातलं मोठं कारण हे. आणि हे शूटिंग डीवर होतं, म्हणजे गाळात.

इथे मी सिस्टीमच्या प्रतिमेकडे वळले. खरं तर गेले होते फॉन्टसाठी. फिल्मची सगळी टायटलं श्रीलिपीत होती. युनिकोडच्या आधीच्या या फॉन्टांत मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसला की कारागिराच्या नावाच्या जागी कंस, डॉलर आणि टक्के दिसतात. नानांनी विकत घेतलेला फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असणार, आणि ते फोल्डर सी ड्राइव्हच्या प्रतिमेत असणार. ही प्रतिमा व्हीएचडी स्वरूपाची असते. विंडोजमध्ये ती ड्राइव्हसारखी जोडता येते, पण मग जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरना परवानगी नाही म्हणून दार लागतं. सेव्हन-झिपमध्ये उघडली की परवानगीचा प्रश्नच येत नाही. फॉन्ट मिळाले, टायटलं मराठीत आली.

आत आहेच तर म्हणून वापरकर्त्याच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये शिरले. अडोबीचं 'मीडिया कॅशे' फोल्डर कित्येक जीबींचं.

प्रीमियर दाबलेला आवाज तसाच वापरत नाही. डॉल्बीत दाबलेला आवाज असलेली क्लिप आत घेतली की तो आवाज उलगडून, ३२ बिटांचा, न दाबलेला, वेगळ्या सीएफए फाइलीत लिहून ठेवतं, संपूर्ण क्लिपचा, तुम्ही त्यातले चार सेकंद वापरा की चाळीस मिनिटं. ही कॅशे सीएस६ स्वतःहून साफ करत नसे. नानांच्या सी ड्राइव्हचा पट्टा कायम लाल. शिकाऊ असताना मी दोनदा ती साफ करायला बसले होते, आणि दोन्ही वेळा नानांनी "चाललंय न्हवं? मग कशाला हात लावतीस" म्हणून उठवलं होतं.

कार्ड १ आणि २ च्या प्रत्येक क्लिपची सीएफए फाइल तिथे होती.

ऑडासिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये कच्चा डेटा म्हणून आयात केल्या: ३२ बिट फ्लोट, ४८,००० हर्ट्झ, दोन चॅनेल. सुरुवातीला थोडी खरखर येते, ती फाइलीच्या डोक्यावरची माहिती आवाज म्हणून वाजत असते, तेवढी कापायची. पहिल्या दिवसाच्या बोलण्याची ३८ मिनिटं, पावणेनऊशे एमबी, कॅमेऱ्यानं ऐकलं तसं.

चित्राचं जमेल तेवढं केलं. फिल्ममध्ये वापरलेले तुकडे मूळ क्लिपमध्ये नेमके कुठे होते हे प्रोजेक्ट फाइलीत आहेच, फक्त सेकंदांत नाही. प्रीमियर एका सेकंदाचे २५,४०१ कोटी ६० लाख भाग करतं, म्हणजे नेहमीच्या कुठल्याही फ्रेमदराला आणि आवाजाच्या दराला पूर्ण भाग जातो. त्या आकड्यांना भागून वेळ काढली आणि डीव्हीडीवरचं चित्र, ७२० बाय ५७६ चं, ३८ मिनिटांच्या आवाजावर आपापल्या जागी बसवलं. एकूण दीड मिनिट भरलं. बाकीच्या वेळी पडदा काळा. नानांचं म्हणणं होतं की काळ्या जागी वाद्यांचे फोटो घालूया. मी नको म्हटलं. जे नाही ते नाही हे दिसू दे.

सुपूर्द करताना

नातू विश्रामबागला आला तेव्हा सोबत नाना होते आणि भडंगाची पिशवी. पैशाचं अजून कुणी काढलेलं नाही. पेन ड्राइव्हवर नको, दोन डिस्क आण असं मी त्याला आधीच सांगितलं होतं. एक त्याच्या घरी राहील, एक मिरजेबाहेर.

दुसऱ्या दिवसाची मुलाखत त्यानं थोडी पाहिली. मग पहिल्या दिवसाची फाइल लावली. काळा पडदा. कानशीचा आवाज, खर्र, खर्र, मग तार, मग पुन्हा कानस. आजोबा मध्ये काही बोलत नव्हते. मी सांगायला गेले की इथे चित्र नाहीये, पुढे मिनिटभरानं येईल. त्यानं हात वर करून मला थांबवलं.

"ताई, थांबा. आता ते सूत सरकवतायत."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग तार वाजली, आणि या वेळी ती वाजून थांबली नाही.